वरणातली गोळी

“गोळी मी वरणात घालते. आधी खलात कुटते, मग तुपाबरोबर भातात कालवते. चार वर्षं झाली.”

बोलणाऱ्या बाई साठीच्या. मांडीवर कापडी पिशवी. तिचा बंद बोटाला गुंडाळायच्या, सोडायच्या, परत गुंडाळायच्या. रविवारची सकाळ, पुण्यातल्या एका शाळेचा सातवीचा वर्ग. फळ्याच्या कोपऱ्यात शनिवारचं अपूर्णांकांचं गणित तसंच राहिलेलं. बाकं मुलांच्या मापाची, त्यामुळे वीस-बावीस मोठी माणसं गुडघे तिरके करून बसलेली. बाईंच्या बोलण्याने कोणीही दचकलं नाही. मागून एक गृहस्थ म्हणाले, “आम्ही कॉफीत.” खिडकीपाशी दोघी बहिणी होत्या, त्यांतली धाकटी म्हणाली, “आम्ही श्रीखंडात द्यायचो. पण रोज श्रीखंड म्हटल्यावर दादालाच शंका आली.” वर्ग हसला. बाईही हसल्या, पण बंद काही सोडला नाही.

बैठक घेणारी सोशल वर्कर तिशीची. तिने उपदेश केला नाही. एवढंच विचारलं, “काकू, आजार सुरू झाला तेव्हा तो जेवणाबद्दल काही म्हणायचा का?”

“म्हणायचा ना. तुम्ही माझ्या ताटात काहीतरी कालवता, म्हणायचा. त्या संशयापायीच तर डॉक्टरांकडे नेला.”

यावर कोणी काही बोललं नाही. बाहेर पटांगणात कोणीतरी झाडत होतं, त्या खराट्याचा आवाज तेवढा येत राहिला. जो संशय हा आजाराचं लक्षण म्हणून केसपेपरवर लिहिला गेला, तो उपचार सुरू झाल्या दिवसापासून खरा झाला होता. आणि तो खरा करणारी आई होती, जिने मुलाच्या काळजीने रोज रात्री खलबत्ता काढला होता.

या लेखासाठी संपादकांनी ‘सांगणं’ हा विषय दिला तेव्हा मला कबुल्या, पत्रं, कीर्तनं असलं काहीबाही सुचत होतं. एका मैत्रिणीचा भाऊ पंधरा वर्षांपासून स्किझोफ्रेनियाने आजारी आहे. ती म्हणाली, “सांगण्यावर लिहितेस ना? मग आमच्या बैठकीला ये. आमचं सगळं घोडं तिथेच अडतं.” पुढचे सहा महिने मी जमेल तशी या वर्गात आणि आणखी एक-दोन ठिकाणी जाऊन बसले. अट एकच होती, कोणाचं नाव लिहायचं नाही. म्हणून या लेखात नावं बदललेली नाहीत. ती घातलेलीच नाहीत.

आजाराला हाक कशी मारायची

या बैठकींना इंग्रजीतून ‘सायकोएज्युकेशन’ म्हणतात. मराठीत कोणी मनोशिक्षण म्हणतं, कोणी मानसशिक्षण. वर्गात येणारे मात्र नुसतं ‘बैठक’ म्हणतात. आजाराची, औषधांची, घरात वागण्याची माहिती आजारी माणसाला आणि त्याच्या घरच्यांना पद्धतशीर, टप्प्याटप्प्याने, त्यांच्या प्रश्नांना धरून द्यायची, एवढाच त्याचा अर्थ. ऐकायला सोपं वाटतं. पण पहिल्याच पायरीवर, म्हणजे आजाराच्या नावावर, निम्मी घरं अडखळतात.

स्किझोफ्रेनिया हे नाव दिलं युजेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने, २४ एप्रिल १९०८ रोजी बर्लिनमधल्या एका व्याख्यानात. ग्रीक शब्दांवरून केलेल्या या नावाचा अर्थ दुभंगलेलं मन. विचार, भावना आणि कृती यांचे धागे एकमेकांपासून सुटतात, असं ब्लॉयलरला म्हणायचं होतं. लोकांनी त्याचा अर्थ एका देहात दोन माणसं असा लावला आणि सिनेमावाल्यांनी तो पक्का केला. मराठीत ‘छिन्नमनस्कता’ असा शब्द झाला. अचूक असेल, पण ‘छिन्न’ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे मुंडकंच येतं. असा शब्द चहा पिता पिता मुलाला कोण सांगणार?

जपानमध्ये हीच अडचण होती. तिथलं जुनं नाव ‘मन फाटण्याचा आजार’ अशा अर्थाचं. ते इतकं भयंकर वाटे की डॉक्टर रुग्णांना सांगायचं टाळत. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेने पाठपुरावा केला आणि २००२ मध्ये नाव बदललं. त्या वर्षी आजाराचं नाव सांगितलं गेलेले रुग्ण ३७ टक्क्यांच्या आसपास होते, दोन वर्षांत ते ७० टक्क्यांपर्यंत गेले. तोपर्यंत तिथल्या निम्म्याहून अधिक रुग्णांना आपण कशाच्या गोळ्या घेतो तेच माहीत नव्हतं, असाही या आकड्यांचा अर्थ होतो. आपल्याकडे कोणी असं मोजलं, तर आकडा फार निराळा येईल असं मला या बैठकी पाहून वाटत नाही. “त्याला आम्ही झोपेच्या गोळ्या सांगितल्यात”, “तिला वाटतं थायरॉइडच्या आहेत”, ही वाक्यं मी किती वेळा ऐकली, मोजली नाहीत.

पुण्याने या बाबतीत थोडं आधी तोंड उघडलं. कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजाराचा अनुभव गाठीशी घेऊन १९९७ मध्ये इथे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००४ च्या ‘देवराई’ या चित्रपटामागेही त्यांचं पाठबळ होतं. अतुल कुलकर्णींनी केलेला त्यातला शेष पाहून कितीतरी घरांनी आपल्याकडे काय चाललंय ते पहिल्यांदा ओळखलं. याच वर्तुळांतून मराठीत दोन शब्द रुळले. आजारी माणूस तो शुभार्थी, त्याचं पाहणारा तो शुभंकर. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला ते लग्नपत्रिकेतले वाटले होते. पण ‘पेशंट’ आणि ‘त्याच्यासोबत कोण आहे?’ यांच्यापेक्षा ते बरे, हे आता मान्य करते.

ग्रहणात चिरलेली भाजी

दुसऱ्या बैठकीचा विषय ‘हे कशामुळे होतं’. सोशल वर्करने काही सांगायच्या आधी सगळ्यांना चिठ्ठ्या दिल्या आणि घरात या आजाराचं जे कारण मानतात ते लिहायला सांगितलं. नाव लिहायचं नाही. चिठ्ठ्या वाचून दाखवल्या तेव्हा कळलं, प्रत्येक घराकडे आपापलं कारण आहे. बारावीला टक्के कमी पडले. शेजारणीने करणी केली. प्रेमभंग. वडिलांची दारू. आणि एका चिठ्ठीवर बारीक अक्षरात: ‘पोटात असताना मी ग्रहणात भाजी चिरली.’

मुलगा छत्तीस वर्षांचा असणार. छत्तीस वर्षं त्या बाई ती विळी विसरल्या नव्हत्या.

आईला दोष देण्यात आपणच मागासलेले आहोत असं समजायचं कारण नाही. १९४८ मध्ये अमेरिकेत फ्रीडा फ्रॉम-राइशमन या मनोविश्लेषकबाईंनी ‘स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग केला. पुढची दोन-तीन दशकं तिथल्या शिकल्यासवरल्या आया त्या शब्दाखाली भरडल्या गेल्या. आपल्याकडे ग्रहण होतं, त्यांच्याकडे सिद्धान्त होता.

मग सोशल वर्करने फळ्यावर दोन घागरी काढल्या, एक मोठी, एक लहान. काही माणसं जन्मतः लहान घागर घेऊन येतात. त्यात आनुवंशिकता असते, गर्भात आणि बाळंतपणात झालेला मेंदूचा त्रास असतो. पण सगळं रक्तातच असतं, तर एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला झाल्यावर दुसऱ्यालाही हमखास झाला असता. तसं निम्म्या वेळाही होत नाही. घागरीत वरून पाणी पडतच असतं: परीक्षा, नोकरी, जागरणं, गांजा, घरातली भांडणं. लहान घागर लवकर ओसंडते. गोळ्या, झोप, ठरलेला दिनक्रम, घरातली शांतता ही त्या घागरीला लावलेली तोटी. १९७७ मध्ये झुबिन आणि स्प्रिंग यांनी मांडलेला हा विचार पाठ्यपुस्तकांत मोठ्या नावाने असतो. इथे खडूच्या दोन घागरींत बसला. भाजीवाल्या बाई कोण ते कोणी विचारलं नाही. मधल्या सुट्टीत एक जण मात्र फळ्यासमोर बराच वेळ उभ्या होत्या.

औषधांच्या बैठकीत सर्वांत जास्त प्रश्न येतात, आणि त्यातला एक प्रत्येक वेळी येतोच: “आता बरा आहे, तर बंद करू का?” यातली गोम अशी, की गोळी बंद केल्यावर लगेच काहीच होत नाही. उलट सुस्ती जाते, हात थरथरायचे थांबतात, घरचे म्हणतात, बघ, गोळ्यांनीच मरगळ आली होती. “गॅस बंद केला तरी कुकर बराच वेळ गरम असतो ना, तसं आहे हे,” सोशल वर्कर म्हणाली. मग काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी आजार उलटतो, आणि तोवर गोळी बंद केल्याचं कोणाच्या ध्यानातही नसतं. २०१२ मध्ये ६५ चाचण्यांचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध झाला. वर्षभरात आजार उलटण्याचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत २७ टक्के, तर औषधाऐवजी नुसतीच दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत ६४ टक्के निघालं. हा आकडा सांगताना सोशल वर्करने २७ वरही बोट ठेवलं. गोळी नियमित घेऊनही काहींचा आजार उलटतो, तेव्हा आधीच कोणावर आळ घेऊ नका.

गोळ्यांचे त्रास लपवायचे नाहीत, हाही तिचा नियम. भूक वाढते, वजन वाढतं, अंग ताठरतं, काहींना एका जागी बसवत नाही, बायकांची पाळी चुकते. हे आधी सांगितलं तर माणूस डॉक्टरांकडे जाऊन गोळी बदलून मागतो. न सांगितलं तर ती खिडकीबाहेर फेकतो. एका काकांनी पावसाळ्यात कुंडी उपटली तेव्हा मातीत पांढऱ्या गोळ्यांचा थर निघाला होता, म्हणे.

“ऊठ, किती लोळशील?”

भास आणि संशय यांना घरचे घाबरतात, पण आजार म्हणून मान्य करतात. त्यांचं खरं भांडण होतं ते दुसऱ्याच गोष्टींवरून: आंघोळ न करणं, अकरापर्यंत लोळणं, एका शब्दात उत्तरं, कशातच मन नसणं. हाही आजारच असतो, आणि गोळ्यांना तोच सर्वांत कमी दाद देतो. घरात त्याचं नाव आळस असतं.

रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका या बैठकीत उठून उभे राहिले. “मी पहाटे पाचला ड्यूटीवर जायचो. आणि हा! मी रोज सांगतो, ऊठ, किती लोळशील, तुझ्या वयाची मुलं बघ.” सोशल वर्करने त्यांना समोर बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, “आता तुम्ही मुलगा. मी तुम्ही.” कमरेवर हात ठेवून तिने त्यांचीच वाक्यं त्यांना ऐकवली, एकामागून एक, चढत्या आवाजात. चौथ्या वाक्याला काका म्हणाले, “पुरे.”

या साध्या खेळामागे जुनं संशोधन आहे. पन्नासच्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन या समाजशास्त्रज्ञाने मनोरुग्णालयांतून घरी गेलेल्या पुरुषांचा मागोवा घेतला. आईकडे किंवा बायकोकडे राहायला गेलेले पुरुष, भाड्याच्या खोलीत किंवा भावाबहिणींकडे राहणाऱ्यांपेक्षा जास्त संख्येने परत दाखल होत होते. कारण प्रेमाचा अभाव हे नव्हतं. सतत टीका, राग आणि जीव गुदमरेल इतकी काळजी, यांतलं काहीही घातक ठरत होतं. आठवड्याला पस्तीस तासांपेक्षा जास्त काळ समोरासमोर असेल तर अधिकच. पुढे चंडीगढला असाच अभ्यास झाला, तेव्हा तिथल्या घरांत अशा वातावरणाचं प्रमाण लंडनपेक्षा बरंच कमी निघालं. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणाऱ्यांना हे आवडेल. पण तो अभ्यास ऐंशीच्या दशकातला आहे. एका वन-बीएचकेत निवृत्त बाप आणि बेकार मुलगा दिवसभर समोरासमोर बसले, की पस्तीस तास बुधवारपर्यंतच संपतात.

याच शोधातून १९८० च्या सुमारास पिट्सबर्गमध्ये कॅरॉल अँडरसन आणि जेरार्ड होगार्टी यांनी घरच्यांसाठी दिवसभराची शाळा सुरू केली आणि ‘सायकोएज्युकेशन’ हा शब्द या आजाराला चिकटला. काकांना त्या सकाळी मिळालेला गृहपाठ एका ओळीचा होता: दिवसात एकच काम, एकदाच, नुसतं काम सांगायचं. “दूध आणतोस का?” एवढंच. तुलना नाही, इतिहास नाही. पुढच्या बैठकीत त्यांनी हिशेब दिला. तीस दिवसांत मुलाने अकरा वेळा दूध आणलं. एकोणीस वेळा काका स्वतः गेले आणि, त्यांच्याच शब्दांत, “तोंडाला कुलूप लावून” गेले.

ज्यांचा आजार, त्यांचा वर्ग

शुभार्थींची बैठक वेगळी, शेजारच्या वर्गात असते. मला तिथे एकदाच बसू दिलं, तेही सगळ्यांना विचारून. आठ जण होते. विषय होता ‘माझा आजार उलटायला लागलाय हे मला कसं कळतं’. प्रत्येकाने कागदावर आपापल्या खुणा लिहायच्या. झोप मोडणं जवळजवळ सगळ्यांच्या कागदावर होतं. बाकीच्या खुणा मात्र ज्याच्या त्याच्या. ‘मी पडदे लावून घेतो.’ ‘टीव्हीवरच्या बातम्या माझ्याबद्दल वाटतात.’ ‘वहीत आकडे लिहायला लागते.’ एका मुलाने लिहिलं होतं, ‘आई फोनवर हळू बोलायला लागते.’ वाचून सगळे हसले, तोही हसला. पण सोशल वर्करने ती खूण खोडली नाही. खाली लिहायला लावलं: असं वाटलं तर आईला थेट विचारेन, आणि आई खरं सांगेल.

त्या कागदाची एक प्रत घरी लावतात, एक डॉक्टरांच्या फाइलला. दोन-तीन खुणा एकदम दिसल्या तर काय करायचं, कोणाला फोन, कुठलं हॉस्पिटल नको, हे माणूस बरा असताना स्वतः लिहितो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने हेच हक्क म्हणून दिलं आहे: पुढच्या उपचारांबद्दलची आपली इच्छा आधी लिहून ठेवता येते आणि आपल्या वतीने बोलणारी व्यक्ती नेमता येते. वर्गातल्या आठांपैकी एकालाच हे ठाऊक होतं.

एसटीने दोन तास

शहराचं हे झालं. सातारच्या बाजूच्या एका तालुक्यात ग्रामीण रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक महिन्यातून ठरलेल्या दिवशी येतं. मी गेले त्या मंगळवारी व्हरांड्यात साठ-सत्तर माणसं होती आणि डॉक्टर एक. एकेकाच्या वाट्याला चार-पाच मिनिटं. त्यात शिक्षण कसलं होणार? झोप येते का, गोळ्या संपल्या का, पुढची तारीख. रांगेत एका तरुण बाईच्या मनगटाला गंडा, कमरेला ताईत आणि पिशवीत औषधाची चिठ्ठी होती. नवऱ्याने माहेरी आणून सोडलेली. लग्न केलं की ठीक होईल, असं सांगून तिच्या घरच्यांनी आजार लपवून लग्न लावलं होतं. ‘सांगणं’ या विषयाचा हा सर्वांत महाग हिशेब, आणि तो बहुतेक वेळा बाईच्या नावावर चढतो.

अशा ठिकाणी घरोघरी जाऊन शिकवता येईल का, हे पाहणारा प्रयोग याच जिल्ह्यात झालेला आहे. सातारा, गोवा आणि तमिळनाडू इथले मिळून २८२ रुग्ण, आणि त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश जणांकडे वर्षभर जाणारे, पदवीने डॉक्टर नसलेले, प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते. निष्कर्ष २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. नुसत्या दवाखान्यापेक्षा अशी जोड मिळालेल्यांची लक्षणं आणि परावलंबन जास्त उतरलं, तमिळनाडूत ठळकपणे. फरक माफकच होता. मला तो माफक असण्यापेक्षा एवढ्याशा साधनांत झाला हे मोठं वाटतं. व्हरांड्यातल्या आशा कार्यकर्त्या ताईंना मी विचारलं, तुम्हाला असं प्रशिक्षण मिळालं तर? त्या म्हणाल्या, “शिकवा की. पण मग एखादं रजिस्टर कमी करा.”

ज्यांना ना वर्ग जवळ आहे ना व्हरांडा, त्यांच्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही सरकारी फोनसेवा आहे. १४४१६ हा क्रमांक, मराठीतूनही बोलता येतं.

खलबत्ता

वरणवाल्या काकूंना त्या रविवारी कोणीही ‘उद्यापासून बंद करा’ असं सांगितलं नाही. तीन बैठका नुसता सराव चालला. सोशल वर्कर मुलगा व्हायची, काकू काकू. पहिल्या खेपेला त्यांना दोन वाक्यांपुढे जाता येईना. डॉक्टरांशीही आधी बोलणं झालं, कारण सांगितल्यावर तो गोळीच नाकारेल ही भीती खोटी नव्हती.

आषाढात त्यांनी सांगितलं. मुलगा म्हणाला, “म्हणजे वरणाचं मी बरोबर म्हणत होतो.” पुढचे तीन दिवस तो घरी जेवला नाही, कोपऱ्यावरच्या गाडीवर वडापाव खाल्ला. गोळी चुकली, चौथ्या दिवशी झोप गेली. डॉक्टरांकडे दोघं एकत्र गेली. त्याने पहिल्यांदा स्वतः विचारलं की आजार कुठला, आणि डॉक्टरांनी त्याला नाव सांगितलं. काकू म्हणतात, तो रडला नाही, चिडला नाही, रिक्षात म्हणाला, “मला वाटलं होतं काहीतरी कॅन्सरबिन्सर असेल.”

आता सात खणांची गोळ्यांची डबी फ्रिजवर असते. रात्री साडेनऊला तो स्वतः काढून घेतो. गेल्या महिन्यात दोनदा चुकली, तेही त्यानेच आईला सांगितलं. खलबत्ता लसणासाठी वापरतात. वरण तो अजून खात नाही. आमटी चालते.